सूट होती, मनाई कशी झाली?
ज्यू स्त्रिया आणि प्रार्थनेची ‘पुरुषी’ वस्त्रे

धर्मशास्त्राने एखाद्याला एखाद्या कर्मातून सूट दिली असेल, तर त्याने ते कर्म आपणहून करावे की नाही, आणि केले तर ते पुण्यकर्म ठरते की आगाऊपणा, हा प्रश्न बहुतेक परंपरांना कधी ना कधी पडलेला आहे. ज्यू परंपरेत तो एका शालीभोवती, चामड्याच्या दोन डब्यांभोवती आणि एका लहानशा टोपीभोवती फिरतो. प्रार्थनेच्या वेळी खांद्यावरून घेतली जाणारी ती शाल स्त्रीने पांघरू नये, असे हिब्रू बायबलमध्ये कुठेही स्पष्ट म्हटलेले नाही. उलट त्या शालीच्या गोंड्यांचे बंधन स्त्रियांवरही आहे, असे मत तालमूद या धर्मचर्चेच्या महाग्रंथात नोंदलेले आहे. तरीही नोव्हेंबर २००९ मध्ये जेरुसलेममधील पश्चिम भिंत या पवित्र प्रार्थनास्थळापाशी अशी शाल पांघरून आलेल्या एका तरुणीला पोलिसांनी ताब्यात घेतले. सूट आणि मनाई यांत एवढे अंतर असताना एकीचे रूपांतर दुसरीत कसे झाले, हे समजून घ्यायचे तर आधी त्या वस्तू, मग त्यांच्यामागचा नियम आणि त्यानंतर त्या नियमाभोवती वाढलेली रूढी, अशा क्रमाने जावे लागते.

तीन वस्तू आणि त्यांचे वेगवेगळे आधार

पहिली वस्तू म्हणजे ‘तालीत’, प्रार्थनेची शाल. शालीच्या कापडाला स्वतःचे पावित्र्य फारसे नाही. महत्त्व आहे ते तिच्या चार कोपऱ्यांना लावलेल्या गोंड्यांना, ज्यांना ‘त्सित्सित’ म्हणतात. बायबलमधील ‘गणना’ या ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात इस्राएल लोकांनी आपल्या वस्त्रांच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत, म्हणजे ते पाहून त्यांना ईश्वराच्या आज्ञांची आठवण होईल, असे सांगितले आहे. प्रत्येक कोपऱ्याच्या भोकातून चार दोरे ओवून ते दुमडले की आठ पदर होतात आणि त्यांना पाच दुहेरी गाठी मारल्या जातात. हिब्रू लिपीत अक्षरांना अंकमूल्य असते आणि त्या हिशेबाने ‘त्सित्सित’ या शब्दाचे मूल्य ६०० भरते. त्यात आठ पदर आणि पाच गाठी मिळवल्या की ६१३ हा आकडा येतो, जो परंपरेनुसार ‘तोरा’मधील, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील, एकूण आज्ञांचा आकडा आहे. मूळ आज्ञेत एक दोरा निळा असावा असेही म्हटले आहे, परंतु तो निळा रंग बनविण्याची विद्या मध्ययुगात विस्मृतीत गेली आणि गोंडे पांढरेच राहिले. तो रंग समुद्री गोगलगायीच्या एका जातीपासून मिळत असावा, या निष्कर्षावर संशोधक विसाव्या शतकात आले आणि आता काही भाविक पुन्हा निळा दोरा वापरू लागले आहेत.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढील सगळा वाद त्याच्यावर फिरतो. आज्ञा ‘गोंड्यांचे वस्त्र घाला’ अशी नाही, तर चार कोपऱ्यांचे वस्त्र अंगावर असेल तर त्याला गोंडे लावा, अशी आहे. प्राचीन काळी अंगावर घेण्याची वस्त्रे चौकोनीच असत, त्यामुळे हा फरक कुणाला जाणवण्याचे कारण नव्हते. शिवलेले कपडे रूढ झाल्यावर मात्र चार कोपरे उरले नाहीत, आणि आज्ञा पाळण्याची संधी हातची जाऊ नये म्हणून पुरुषांनी मुद्दाम चौकोनी शाल वापरात ठेवली. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर आजचा पुरुषही ही शाल एका अर्थी आपणहूनच अंगावर घेतो.

दुसरी वस्तू ‘तेफिल्लिन’. काळ्या चामड्याच्या या दोन चौकोनी डब्या असून त्यांपैकी एक दंडावर आणि एक कपाळाच्या वर, केसांच्या रेषेपाशी, चामड्याच्या वाद्यांनी बांधली जाते. त्यांत तोरामधील चार उतारे चर्मपत्रावर हाताने लिहून ठेवलेले असतात. ईश्वराची वचने ‘हाताला खूण म्हणून’ बांधावीत, या अर्थाची आज्ञा ‘निर्गम’ आणि ‘अनुवाद’ या ग्रंथांत आहे आणि परंपरेने ती शब्दशः घेतली आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेफिल्लिन सापडल्या आहेत, यावरून ही प्रथा किती जुनी आहे याची कल्पना येते.

तिसरी वस्तू ‘किप्पा’, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागावर बसणारी गोल टोपी. बाहेरच्या माणसाला ज्यू पुरुषाची हीच पहिली ओळख वाटते, पण धर्मशास्त्राच्या दृष्टीने तिन्हींत हिचा आधार सर्वांत कच्चा आहे. बायबलमध्ये तिच्याविषयी आज्ञा नाही. तालमूदमध्ये एक विद्वान उघड्या डोक्याने चार हातही चालत नसे असा उल्लेख येतो, परंतु तो त्याच्या विशेष धर्मभीरूपणाचे उदाहरण म्हणून. पुढे ती सर्व पुरुषांची रूढी झाली.

| चौकट : तेफिल्लिन कशी बांधतात |
|---|
| उजव्या हाताने काम करणारा माणूस पहिली डबी डाव्या दंडावर, हृदयाकडे वळलेली राहील अशी बसवतो. वादी कोपराखाली सात वेढ्यांनी गुंडाळून पुढे तळहातापर्यंत नेतो. नंतर दुसरी डबी डोक्यावर बांधतो. दंडावरच्या डबीत चारही उतारे एकाच चर्मपत्रावर असतात, तर डोक्यावरच्या डबीला चार कप्पे असून प्रत्येकात एकेक उतारा असतो. एखादे अक्षर जरी गळले असेल तरी ती जोडी निरुपयोगी ठरते. तेफिल्लिन सकाळच्या प्रार्थनेला, शनिवारचा शब्बाथ आणि सणांचे दिवस सोडून, बांधतात. शेवटचा हा तपशील स्त्रियांच्या प्रश्नात कळीचा ठरतो. |

सूट नेमकी कशातून येते

ज्यू धर्मनियमांना एकत्रितपणे ‘हलाखा’ म्हणतात. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या हलाखाच्या मूळ संहितेत एक सूत्र आहे : जी आज्ञा ‘हे करा’ अशा स्वरूपाची आहे आणि जी ठराविक वेळेशी बांधलेली आहे, ती पुरुषांवर बंधनकारक असून स्त्रियांना तिच्यातून सूट आहे. ‘हे करू नका’ अशा स्वरूपाचे निषेध मात्र बहुतांशी दोघांनाही सारखेच लागू. तेफिल्लिन शब्बाथला बांधायच्या नाहीत, म्हणून ती आज्ञा कालबद्ध ठरते. गोंडे ‘पाहा’ असे म्हटले आहे आणि पाहणे दिवसा होते, रात्री नाही, म्हणून काही आचार्यांच्या मते गोंड्यांची आज्ञाही कालबद्ध. तालमूदमधील चर्चेत आधी गोंड्यांचे बंधन पुरोहित, सामान्य जन, धर्मांतरित आणि स्त्रिया या सर्वांवर असल्याचे मत येते, आणि त्यानंतर रब्बी (म्हणजे धर्मगुरू) शिमोन स्त्रियांना सूट देतात. परंपरेने पुढे शिमोन यांची बाजू स्वीकारली. रव यहुदा हे आचार्य मात्र आपल्या घरातील स्त्रियांच्या वस्त्रालाही गोंडे लावून घेत.

सूत्र दिसते तेवढे सरळ नाही. वल्हांडणाच्या रात्री बेखमीर भाकर खाणे, पुरीम सणाला एस्तेरची कथा ऐकणे, हनुक्काचे दिवे लावणे या सर्व गोष्टी वेळेशी बांधलेल्या असूनही स्त्रियांवर त्यांचे बंधन आहे. दुसऱ्या बाजूला तोराचे अध्ययन कोणत्याही वेळेशी बांधलेले नाही, तरी त्यातून स्त्रियांना सूट दिली गेली. अपवाद इतके असतील तर सूत्राचा उगम कुठे आहे, असे विचारणे भाग पडते, आणि तालमूद त्याचे जे उत्तर देते ते फार महत्त्वाचे आहे. तेथील युक्तिवाद असा : बायबलमध्ये तेफिल्लिनची आज्ञा अध्ययनाच्या आज्ञेला लागून येते, स्त्रियांना अध्ययनातून सूट आहे, म्हणून तेफिल्लिनमधूनही सूट, आणि तेफिल्लिनमधून सूट आहे, म्हणून तिच्यासारख्या सगळ्या कालबद्ध आज्ञांतून सूट. तेफिल्लिन हे या सूत्राचे केवळ एक उदाहरण नसून सारे सूत्रच तिच्यावर उभे आहे, आणि तिच्याही खाली पाया आहे तो स्त्रियांनी अध्ययन न करण्याचा. विसाव्या शतकात हा पाया हलला. क्रॅको येथे सारा शेनिरेर यांनी १९१७ मध्ये मुलींच्या धर्मशिक्षणाची शाळा काढली आणि तिच्यातून ‘बेस याकोव’ शाळांचे जाळे उभे राहिले. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्न कॉलेजमध्ये रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी विद्यार्थिनींना तालमूदचा पहिला पाठ दिला. या दोघांपैकी कुणाच्याही मनात तेफिल्लिनचा विचार नव्हता, पण युक्तिवादाची साखळी माहीत असलेल्या वाचकाला तिच्या पहिल्या कडीचे काय झाले हे दिसल्याशिवाय राहत नाही.

सूट का दिली, याचे कारण मूळ ग्रंथांत दिलेले नाही आणि नंतरच्या भाष्यकारांनी आपापल्या काळाप्रमाणे ते भरले. चौदाव्या शतकात सेव्हिल येथील डेव्हिड अबुदार्हाम यांनी असे स्पष्टीकरण दिले की स्त्रीवर पतीच्या कामांचा भार असतो आणि दोन धन्यांच्या आज्ञा एकाच वेळी पाळणे तिला शक्य होणार नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांनी याच्या अगदी उलटे सांगितले : स्त्रीची धर्मनिष्ठा मुळातच दृढ असल्यामुळे तिला अशा रोजच्या स्मरणखुणांची गरज नाही. पहिले स्पष्टीकरण अप्रिय असले तरी प्रामाणिक वाटते, कारण मिश्नामध्ये तेफिल्लिनमधून सूट मिळणाऱ्यांची जी यादी आहे तिच्यात स्त्रियांच्या शेजारी गुलाम आणि अज्ञान मुले बसलेली आहेत. गुलामांची धर्मनिष्ठा दृढ असते म्हणून त्यांना सूट मिळाली, असे हिर्शही म्हणणार नाहीत.

राजकन्या मीखल आणि दोन तालमूद

सूट असतानाही एखादीने ही वस्त्रे धारण केली तर काय, याचे उत्तर तालमूद एका उदाहरणातून देते. तालमूद दोन आहेत, एक बाबेलचा आणि एक जेरुसलेमचा. शौल राजाची मुलगी मीखल तेफिल्लिन बांधत असे आणि पंडितांनी तिला अडवले नाही, अशी नोंद बाबेलच्या तालमूदमध्ये आहे. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये हीच कथा येते, पण तेथे एका मतानुसार पंडितांनी तिला अडवले. मीखल हिने प्रत्यक्षात तेफिल्लिन बांधली होती का, हा इतिहासाचा प्रश्न येथे गौण आहे; तिच्या नावावर दोन परस्परविरोधी निर्णय उभे राहिले आणि पुढच्या हजार वर्षांतील दोन्ही पक्षांना आपापला दाखला मिळाला, हे अधिक महत्त्वाचे. सामान्यतः बाबेलच्या तालमूदचा शब्द अंतिम मानला जातो. त्या न्यायाने स्त्रियांचा मार्ग मोकळा राहायला हवा होता.

अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी यांच्या मुली तेफिल्लिन बांधत, ही कथाही वारंवार सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही. कथेची लोकप्रियता मात्र बरेच काही सांगून जाते : प्रथेला पूर्वज हवे असतात आणि नसले तर ते शोधले जातात.

स्तुतिवचनाचा पेच

मध्ययुगीन आचार्यांचा खरा वाद वस्त्राविषयी नव्हता, तर ते अंगावर घेताना म्हणायच्या वाक्याविषयी होता. अशी आज्ञा पाळण्यापूर्वी ‘बेराखा’ म्हणजे स्तुतिवचन उच्चारावे लागते आणि त्यात ईश्वराने आम्हाला ही आज्ञा केली, असा आशय असतो. वारकरी घरात आजाऱ्याला एकादशी सुटते. त्याने ती तरीही धरली तर कुणी नाही म्हणत नाही, पण उपवासाच्या संकल्पात त्याने ‘हे माझ्यावर बंधनकारक आहे’ असे म्हटले, तर ते खरे बोलणे की खोटे, असा काहीसा हा पेच होता. ज्या स्त्रीवर आज्ञाच नाही तिने ‘आम्हाला आज्ञा केली’ म्हणणे म्हणजे ईश्वराचे नाव व्यर्थ घेणे ठरेल काय?

राशींचे नातू रब्बेनू ताम यांनी बाराव्या शतकात फ्रान्समध्ये उत्तर दिले की स्त्रीने हे वचन म्हणावे. आज्ञा संपूर्ण इस्राएल समाजाला दिलेली आहे आणि ती स्वखुशीने पाळणारीलाही पुण्य मिळते, अशा धर्तीवर त्यांच्या पक्षाचे समर्थन केले जाते. त्याच शतकात इजिप्तमध्ये वास्तव्य असलेले मायमोनिडीझ यांनी निर्णय दिला की इच्छा असेल तर स्त्रियांनी गोंड्यांचे वस्त्र जरूर पांघरावे, मात्र स्तुतिवचन म्हणू नये. मध्य आणि पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यू रब्बेनू ताम यांच्या वाटेने गेले, तर भूमध्यसागराच्या भोवतालचे आणि पूर्वेकडील सेफार्दी ज्यू बहुतांशी मायमोनिडीझ यांच्या. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची प्रार्थनापद्धतीही सेफार्दी वळणाची आहे. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की या दोन्ही आचार्यांपैकी कुणीही वस्त्रालाच नकार दिलेला नाही.

दार कसे लागले

नकार आला तो पुढच्या काही शतकांत, तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक वस्तूसाठी वेगळे कारण घेऊन.

तेफिल्लिनच्या बाबतीत कारण होते ‘स्वच्छ देह’. तेफिल्लिन बांधणाऱ्याने शरीर आणि चित्त दोन्ही आवरून धरले पाहिजे, असे तालमूद सांगते, आणि स्त्रिया ही दक्षता घेत नाहीत असे मध्ययुगीन युरोपातील पंडितांनी त्यात भर घातली. मराठी वाचकाच्या मनात येथे लगेच विटाळाची कल्पना येईल, परंतु मूळ चर्चेत ‘स्वच्छ देह’ याचा अर्थ तेफिल्लिन अंगावर असताना वायू न सरणे आणि झोप न घेणे असा आहे. शिवाय तोराच्या वचनांना अशुद्धता लागत नाही, असे तालमूदनेच अन्यत्र म्हटले आहे. काही अश्केनाझी समाजांत रजस्वला स्त्रिया सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, जाणे टाळत हे खरे, पण ती रूढी होती. या कारणाला एक लंगडी बाजूही आहे. पुरुषांनाही दिवसभर एवढी दक्षता जमत नसल्यामुळेच पूर्वी दिवसभर बांधल्या जाणाऱ्या तेफिल्लिन सकाळच्या प्रार्थनेपुरत्या उरल्या होत्या. पुरुषांच्या हयगयीवर वेळ कमी करण्याचा उपाय निघाला, स्त्रियांच्या हयगयीवर बंदीचा.

शालीच्या बाबतीत आक्षेप हेतूवर होता. पंधराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेले माइन्झचे रब्बी याकोव मोएलिन, ज्यांना ‘महारिल’ म्हणतात, त्यांच्या लिखाणात ब्रुना नावाच्या एका स्त्रीचा उल्लेख आहे. ती नेहमी गोंड्यांचे वस्त्र अंगावर बाळगत असे. महारिल यांना ते पसंत नव्हते, परंतु ती आपले ऐकेल याची खात्री नसल्याने त्यांनी तिला रोखले नाही. धर्मशास्त्राच्या कोरड्या पानांतून एका करारी बाईचे अस्तित्व असे अवचित डोकावते. सोळाव्या शतकात क्रॅकोचे रब्बी मोशे इसेर्लेस यांनी ‘शुल्हान आरूख’ या प्रमाणभूत संहितेवरील आपल्या टिपांत हा विषय निकाली काढला : तत्त्वतः स्त्री गोंडे धारण करू शकते, स्तुतिवचनही म्हणू शकते, पण तसे करणे ‘युहारा’, म्हणजे धार्मिकतेचे प्रदर्शन, दिसते. ज्याच्यावर आज्ञेचे थेट बंधन नाही त्याने ते मुद्दाम ओढवून घेणे हा मिरवण्याचा प्रकार, असा त्यांचा रोख. तेफिल्लिनबद्दल त्यांचे शब्द याहून कडक आहेत. तेथे त्यांनी स्त्रियांना अडवावे असेच म्हटले. आजही ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, समाजात हाच निर्णय उद्धृत होतो.

तिसरा आक्षेप वेषांतराचा. स्त्रीने पुरुषाच्या वस्तू अंगावर घेऊ नयेत, असा निषेध ‘अनुवाद’ ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात आहे. तालमूदमधील एका मताप्रमाणे तो स्त्रीने शस्त्रे घेऊन युद्धावर जाण्याविषयी आहे, तर बायबलच्या एका जुन्या अरामी भाषांतराने त्यात गोंडे आणि तेफिल्लिन यांचा थेट समावेश केला. किप्प्याच्या बाबतीत हा एकच आक्षेप लागू पडतो, कारण जिथे आज्ञाच नाही तिथे सूट कसली?

या सगळ्यात एक विसंगती उघड दिसते. शोफार, म्हणजे एडक्याचे शिंग, ऐकणे किंवा सुक्कोत सणाला ताडाचा कोंब व इतर वनस्पती हाती घेणे या आज्ञाही कालबद्ध आहेत आणि स्त्रियांना त्यांच्यातूनही सूट आहे. तरी अश्केनाझी स्त्रिया शतकानुशतके त्या पाळत आल्या, आणि त्यात कुणाला प्रदर्शन दिसले नाही. फरक एवढाच की शिंगाचा आवाज विरून जातो, शाल मात्र अंगावर दिसत राहते. पूर्व युरोपातील अनेक समाजांत तर अविवाहित पुरुषही मोठी शाल घेत नसे, म्हणजे ती प्रौढ गृहस्थाच्या दर्जाची खूण झाली होती. आज्ञा पाळणाऱ्या स्त्रीला समाजाने सहज सामावून घेतले. दर्जाची खूण धारण करणारी स्त्री त्याला अवघड गेली. एकोणिसाव्या शतकात व्होल्हिनियातील लुदमिर येथील हाना राखेल ही स्त्री शाल आणि तेफिल्लिन घेऊन प्रार्थना करीत असे आणि तिच्याभोवती भक्तमंडळी जमत, अशी हसिदी या ज्यू भक्तिपंथाच्या परंपरेतील आख्यायिका आहे. विवाह करून तिने नेहमीच्या स्त्रीजीवनात परतावे, यासाठी तिच्यावर मोठे दडपण आणले गेले, हेही तीच परंपरा सांगते.

अमेरिकेतील दोन वाटा

विसाव्या शतकातील बदलाची सुरुवात जेथे झाली तेथे आधी वस्त्रे टाकून देण्याची लाट येऊन गेली होती. अमेरिकेतील सुधारणावादी ‘रिफॉर्म’ पंथाने १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात आहार, शुद्धता आणि पोशाख यांविषयीचे जुने नियम कालबाह्य ठरवले, आणि पंथाच्या अनेक मंदिरांत पुरुष उघड्या डोक्याने, शालीशिवाय प्रार्थना करू लागले. १९७२ मध्ये याच पंथाने सॅली प्रीसँड यांना अमेरिकेतील पहिल्या स्त्री रब्बी म्हणून दीक्षा दिली. पुढच्या दशकांत तेथे शाल आणि किप्पा परत आले आणि ते दोन्ही लिंगांसाठी ऐच्छिक म्हणून आले. मधल्या काळात पुरुषांनीच त्या वस्तू सोडल्या असल्यामुळे त्यांच्यावरचा पुरुषी शिक्का तेथे बराच पुसट झालेला होता.

परंपरा आणि आधुनिकता यांच्या मध्ये उभ्या असलेल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथात प्रकरण अधिक गुंतागुंतीचे ठरले, कारण त्याला हलाखा सोडायची नव्हती. १९७२ मध्ये ‘एझरात नाशीम’ या तरुण स्त्रियांच्या गटाने रब्बींच्या अधिवेशनात समान हक्कांची मागणी ठेवली, १९७३ मध्ये प्रार्थनेसाठी आवश्यक असलेल्या दहा जणांच्या ‘मिन्यान’मध्ये स्त्रिया मोजण्यास मुभा मिळाली, १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीने रब्बी अभ्यासक्रमासाठी स्त्रियांना प्रवेश देण्याचे ठरवले. येथे एक कायदेशीर पेच उभा राहिला : ज्याच्यावर आज्ञेचे बंधन नाही तो बंधन असलेल्यांच्या वतीने प्रार्थना चालवू शकत नाही. रब्बी जोएल रॉथ यांनी तोडगा सुचवला की स्त्रीने ही बंधने स्वेच्छेने, पण कायमची, स्वीकारावीत; मग ती पुरुषाच्या बरोबरीने बांधील होईल. त्यामुळे या वाटेने रब्बी होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनींसाठी शाल आणि तेफिल्लिन आवडीनिवडीचा विषय न राहता कर्तव्य ठरले. हक्क मागायला गेलेल्या स्त्रियांच्या हाती आधी जबाबदारी पडली, आणि हलाखाच्या तर्काला धरून ते योग्यच होते. २०१४ मध्ये याच पंथाच्या धर्मनिर्णय समितीने रब्बी पामेला बार्माश यांचा निर्णय मान्य करून पुढचे पाऊल टाकले : सूट ही स्त्रियांच्या जुन्या दुय्यम स्थानाची निष्पत्ती होती, ते स्थान उरले नाही, म्हणून सर्व आज्ञा स्त्रीपुरुषांवर सारख्याच बंधनकारक.

ऑर्थोडॉक्स जगात या प्रश्नावर सर्वाधिक उद्धृत होणारा आधुनिक निर्णय न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी १९७६ मध्ये दिला. स्त्रीची शाल पुरुषांच्या शालीहून दिसायला वेगळी असेल, तर वेषांतराचा आक्षेप उरत नाही, आणि आज्ञा पाळण्याच्या आंतरिक ओढीने ती घेत असेल तर हरकत नाही. मात्र धर्माच्या व्यवस्थेविषयी तक्रार म्हणून घेत असेल, तर त्या कृतीत आज्ञापालन मुळीच नाही, असे त्यांनी लिहिले. निर्णयाचा पहिला भाग व्यवहारात सोपा गेला. पांढऱ्या लोकरीवर काळे पट्टे असलेल्या रूढ शालीऐवजी रंगीत रेशमाच्या, जाळीदार, भरतकाम केलेल्या शाली स्त्रियांसाठी विणल्या जाऊ लागल्या. काहींच्या चार कोपऱ्यांवर सारा, रिबेका, राहेल आणि लेआ या चार आदिमातांची नावे असतात. दुसरा भाग मात्र अवघड आहे. हेतू तपासायचा कुणी आणि कसा? प्रार्थनेची ओढ आणि अन्यायाची चीड एकाच मनात शेजारी शेजारी असू शकतात. पुरुष शाल घेतो तेव्हा तो श्रद्धेने घेतो, सवयीने की शेजाऱ्याला दाखविण्यासाठी, याची चौकशी कुणी करीत नाही.

मुंबईचा एक धागा

या घडामोडींचा मुंबईशी दूरचा पण खरा संबंध आहे. बेने इस्राएल समाजातील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, ज्या पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि ज्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचा लंडनमधील शिक्षणाच्या काळात तेथील उदारमतवादी ज्यू चळवळीशी परिचय झाला. ही चळवळ १९०२ मध्ये सुरू करण्यात लिली माँटेग्यू या स्त्रीचा पुढाकार होता. झिराड यांच्या प्रयत्नांतून १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली आणि तिच्यातून ‘रोदेफ शालोम’ हे प्रार्थनामंदिर उभे राहिले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलेल्या ‘शआर हाराहमीम’ या मुंबईच्या पहिल्या सिनेगॉगची परंपरा पुरुषप्रधान प्रार्थनेची. तिच्याच शहरात सव्वाशे वर्षांनी एका मराठीभाषक स्त्री डॉक्टरने उदारमतवादी पंथाचे रोप लावले, हे महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासात आजवर दुर्लक्षित राहिलेले पान आहे.

भिंतीपाशी

वस्त्रांचा वाद न्यायालयात गेला तो इस्रायलमध्ये. १ डिसेंबर १९८८ रोजी, जेरुसलेममध्ये भरलेल्या ज्यू स्त्रीवादी परिषदेच्या निमित्ताने, सुमारे ७० स्त्रिया तोराची गुंडाळी घेऊन पश्चिम भिंतीपाशी सामूहिक प्रार्थनेला गेल्या आणि त्यांतून ‘भिंतीच्या स्त्रिया’ हा गट जन्माला आला. त्यांच्यात ऑर्थोडॉक्स स्त्रियाही होत्या. हिब्रू महिन्याच्या पहिल्या दिवशी तेथे प्रार्थना करण्याचा त्यांचा परिपाठ सुरू झाला, तसा विरोधही. १९८९ च्या अखेरीस शासनाने नियमात भर घातली की ‘स्थानिक प्रथे’ला सोडून आणि इतर भाविकांच्या भावना दुखावतील असा विधी तेथे करू नये, उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. शतकानुशतके रब्बींच्या टिपांत राहिलेली नापसंती येथे प्रथमच पोलिसांच्या हाती आली. काही काळ तर शाल गळ्याभोवती स्कार्फसारखी असेल तर चालेल आणि पुरुषांप्रमाणे खांद्यांवरून असेल तर चालणार नाही, असा भेद पोलीस करीत. कापड तेच आणि गोंडेही तेच. गुन्हा ठरत असे तो पांघरण्याच्या पद्धतीवरून.

सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्त्रियांच्या बाजूने कौल दिला, पण २००३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पाचविरुद्ध चार मतांनी, जवळच्या रॉबिन्सन कमानीपाशी पर्यायी जागा सिद्ध करून द्यावी या अटीवर, मुख्य चौकातील प्रार्थनेला नकार दिला. एप्रिल २०१३ मध्ये पाच स्त्रियांना पुन्हा ताब्यात घेतले गेले तेव्हा जेरुसलेम जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश मोशे सोबेल यांनी निकाल दिला की ‘स्थानिक प्रथा’ म्हणजे केवळ ऑर्थोडॉक्स प्रथा असा अर्थ घेता येणार नाही आणि स्त्रीने शाल पांघरण्याने तिचा भंग होत नाही. शाल पांघरण्यावरून होणाऱ्या अटका थांबल्या. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने स्त्रीपुरुषांच्या एकत्र प्रार्थनेसाठी स्वतंत्र, सन्मान्य जागेची योजना मंजूर केली आणि जून २०१७ मध्ये ऑर्थोडॉक्स पक्षांच्या दबावाखाली ती गोठवली.

न सुटलेली गाठ

शालीचा प्रश्न अशा रीतीने निवळत चालला असला तरी तेफिल्लिनचा तसा निवळलेला नाही. २०१४ च्या आरंभी न्यूयॉर्कमधील एका आधुनिक ऑर्थोडॉक्स शाळेने दोन विद्यार्थिनींना सकाळच्या प्रार्थनेत तेफिल्लिन बांधण्यास परवानगी दिली, तेव्हा त्या समाजात मोठी खळबळ उडाली. शतकांची रूढी मोडण्याचा अधिकार एका मुख्याध्यापकाला आहे का, हा विरोधकांचा सवाल होता आणि त्यात तथ्यांश नव्हता असे म्हणता येणार नाही. त्याहून कठीण अडचण कारागिरीची आहे. तालमूदचा नियम असा की ज्याच्यावर तेफिल्लिन बांधण्याचे बंधन आहे त्यानेच तिच्यातले चर्मपत्र लिहावे, आणि तोच निकष तोराच्या गुंडाळीलाही लावला जातो. २००७ मध्ये जेन टेलर फ्रीडमन या लेखनिक स्त्रीने तोराची संपूर्ण गुंडाळी हाताने लिहून पूर्ण केली. असे करणारी ज्ञात असलेली ती पहिली स्त्री मानली जाते. स्त्रीपुरुष समान बांधील आहेत असे मानणाऱ्या प्रार्थनामंदिरांत स्त्रीच्या हातची गुंडाळी वाचली जाते. ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये, अक्षर कितीही निर्दोष असले तरी, ती आजही विधीसाठी ग्राह्य धरली जात नाही.